आधी भोपळा, मग माणूस

त्यांच्या सदऱ्याचा खिसा कायम ओघळलेला असे. सदरा कितीही नवा असला तरी दोन-चार धुण्यांत ती बाजू खाली येई आणि माणूस एका खांद्याने किंचित वाकल्यासारखा दिसे. खिशात पेन नसे, चष्मा नसे. शिशाचं एक अक्षर असे. बोटाच्या दोन पेरांएवढं, जाड, कडा झिजून बोथट झालेलं: ‘डा’.

एक्स-रे काढताना फिल्मच्या पेटीवर असं अक्षर ठेवतात. किरण शिशातून पलीकडे जात नाहीत, त्यामुळे फिल्मवर ते पांढरं उमटतं आणि बघणाऱ्याला कळतं की ही माणसाची डावी बाजू. सगळीकडे इंग्रजी अक्षरं असतात. ह्यांनी मराठी ओतून घेतली होती, ‘डा’ आणि ‘उ’. ठाण्याच्या एका इस्पितळात तीस वर्षं एक्स-रे काढून ते निवृत्त झाले, तेव्हा ‘उ’ त्यांनी हाताखाली तयार झालेल्या रमाकांतला दिलं आणि ‘डा’ खिशात घालून ठाकुर्लीच्या घरी आले.

ते गेले त्याला आता दीड महिना झाला. ते अक्षर सध्या माझ्याकडे आहे. माझ्याकडे का, हे सांगायचं तर ठाकुर्लीच्या एका आठवड्याबद्दल लिहायला हवं.

मी तेव्हा कल्याणच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते, अजूनही आहे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. ग्रंथालयात पहिला कॉम्प्युटर आला, तो कुणीतरी शिकायला हवा म्हणून मी शिकले, आणि शिकता शिकता पुस्तकांच्या नोंदी सोडून प्रोग्रॅम लिहू लागले. बाहेरच्या वाचकांत हे एक्स-रेवाले काका रोज अकराला येत. मासिक हातात घेतलं की त्याचं पान आधी ट्यूबलाइटसमोर धरून बघत. दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळून काहीच वाचता येणार नाही, हे त्यांना ठाऊक असे, तरी बघत. पत्र आलं तरी आधी पाकीट उजेडापुढे, मग फोडणं. घरी भाकरी वाढली की तीही उचलून खिडकीकडे धरतात, असं काकी सांगायच्या. “कच्ची कुठे राहिली ते कळतं म्हणे. इतकी वर्षं झाली, कच्ची एकदाही निघाली नाही, पण बघायचं काही सोडत नाहीत.”

दुसरी खोड बोलण्यातली. तीस वर्षं लोकांना एकच सांगितलेलं: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. ते वाक्य त्यांच्या जिभेवर बसलं होतं. एकदा माझ्या बढतीचं पत्र आलं. मी पाकीट हातात घेऊन उभी होते, तर मागून आवाज आला, “बाई, श्वास घ्या. रोखून धरा.” मी खरंच रोखला. पाकीट फोडलं. बढती नाकारली होती. “सोडा,” ते म्हणाले, आणि मासिक घेऊन जागेवर जाऊन बसले.

त्या दिवसांत एका मासिकासोबत सीडी आली होती, आणि तिच्याबद्दलचा लेख. काही लोक प्रोग्रॅम लिहितात आणि फुकट वाटतात, नुसता प्रोग्रॅम नाही तर तो कसा लिहिला तेही सोबत देतात, असं त्यात होतं. त्यांनी तो लेख दोनदा वाचला आणि माझ्या टेबलाशी आले.

“म्हणजे डब्याबरोबर कृती पण देतात?”

“हो.”

“आणि मीठ कमी वाटलं तर आपण घालायचं?”

“घालायचं. आणि किती घातलं ते सगळ्यांना कळवायचं.”

त्यांनी मासिक मिटलं. “मग हे आमच्या धंद्यात का नाही?”

त्यांचं म्हणणं असं होतं. सीटी स्कॅनचं यंत्र माणसाच्या डोक्याच्या चकत्या केल्यासारखी एकेक चित्रं काढतं. यंत्राच्या पोटात ते चित्र म्हणजे नुसते आकडे असतात. ते आकडे यंत्राच्याच पडद्यावर दिसतात. पेशंटच्या हातात पडते ती फिल्म. “फिल्मवर एकच उजेड असतो, बाई. काढणाऱ्याने ठरवला तो. आकड्यांत सगळे उजेड असतात. काळोखी वाटली तर वाढवा, भगभगीत वाटली तर कमी करा. आता कल्याणच्या डॉक्टरने एकाच उजेडात बघायचं, आणि बाकीचे उजेड ठाण्याला यंत्रात कुलूपबंद. का?”

म्हणून त्यांना एक प्रोग्रॅम हवा होता. घरच्या साध्या कॉम्प्युटरवर ते आकडे उघडून चित्र दाखवणारा, उजेड कमीजास्त करणारा, कुणालाही मिळणारा, कृतीसकट. आणि तो एका आठवड्यात व्हायला हवा होता. चार-पाच जण एका खोलीत बसवायचे, सोमवारी सुरू, रविवारी हातात. मी म्हटलं, एक आठवडा फार कमी आहे.

“माणसाला रजा तेवढीच मिळते. आणि रविवारी झालं नाही, तर ही माणसं पुन्हा जमत नाहीत. मी इस्पितळात तीस वर्षं समित्या बघितल्यात.”

माणसं त्यांनी जमवली ती जोडकार्डांनी. एका अंगाला मजकूर, दुसऱ्या अंगाला उत्तरासाठी कोरं कार्ड. कॉम्प्युटरच्या मासिकांत वाचकांचा पत्रव्यवहार छापत, त्यातून ते पत्ते उतरवून घेत आणि मजकूर टाइप करून पाठवत: आपणास प्रोग्रॅम लिहिता येतो असे दिसते. मेंदूची चित्रे दाखविणारा प्रोग्रॅम लिहिण्यास आठ दिवस यावे. राहण्याची सोय होईल. मोबदला नाही. एकाने ही साखळीपत्राची नवी तऱ्हा समजून कार्ड देवापुढे ठेवलं आणि तसं कळवलं. दोघांनी आपला धंदा काय, असं विचारलं. शेवटी टिटवाळ्याचा सुहास आला, तो एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळे. डोंबिवलीचा मेनन आला, तो क्लासमध्ये शिकवी. नाशिकचे दोन भाऊ आले, ते आठवडाभर एकमेकांशीच बोलले. पाचवी मी.

जागा होती ठाकुर्लीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटची. मालक त्यांचे स्नेही, परीक्षा आटोपून मे महिन्यात क्लास बंद. टाइपरायटर भिंतीशी ओळीने सरकवून त्यांच्यावर खोळी घातल्या. पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद लावले. ते एक्स-रे फिल्मच्या पेट्यांतले, तीस वर्षं जपून ठेवलेले. मेनन आपला कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रिक्षातून येणार होता.

पण सोमवारी नऊला खोलीत मी आणि ते दोघेच होतो. साडेनऊ झाले, दहा झाले. सव्वादहाला सुहास घाम पुसत आला.

“काका, मी पावणेनवालाच आलेलो. गिरणीपलीकडच्या हॉलमध्ये गेलेलो. तिकडे साखरपुडा चाललेला.”

“मग इतका वेळ?”

“सरबत दिलं त्यांनी. मुलाकडचा समजले बहुतेक.”

त्याच्या मागोमाग नाशिकचे भाऊ आणि मेनन आले. तेही साखरपुड्यालाच गेले होते. दोष पत्रातल्या खुणेचा होता. त्यांनी लिहिलं होतं: पिठाच्या गिरणीच्या डाव्या हाताला. गिरणीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस आपल्या डाव्या हाताला वळणार. त्यांना मात्र गिरणीचा डावा हात अभिप्रेत होता, म्हणजे गिरणी आपल्याकडे तोंड करून उभी आहे असं धरून तिचा.

“गिरणीला हात असतो होय काका?” सुहास म्हणाला.

“माणूस समोर उभा असला की त्याचा डावा हात तुमच्या उजवीकडे असतो. मी तीस वर्षं असंच बघितलंय. आपला डावा-उजवा सांगून काय उपयोग? आपण कुठे आजारी आहोत?”

त्यांना स्वतःला प्रोग्रॅममधलं काही कळत नव्हतं, आणि ते तसं सांगत. ते दाराशी स्टुलावर बसत. काकींनी दिलेला डबा, पाण्याचा माठ, मालकांची मनधरणी हे त्यांचं काम. दर दिवसाला त्यांनी काम नेमून दिलं होतं आणि फिल्मच्या पिवळ्या पेटीच्या पुठ्ठ्यावर लिहून टांगलं होतं. सोमवारी फाइल वाचायची, मंगळवारी चित्र दाखवायचं, बुधवारी उजेड, गुरुवारी मोजमाप. शुक्रवारी आमच्या भागात दिवसा वीज नसे, म्हणून त्या दिवशी आपला कागद दुसऱ्याला वाचून दाखवायचा. शनिवारी दुरुस्ती. रविवारपुढे एकच शब्द होता: देणे. रविवारी चारला कल्याणच्या एक डॉक्टर येणार होत्या. त्या मेंदूच्या शस्त्रक्रिया करत. त्यांनी प्रोग्रॅम वापरतो म्हटलं की आणखी डॉक्टर वापरतील, असा हिशेब होता.

चित्रं रमाकांतने दिली होती. तो आता ठाण्याला सीटी स्कॅनवर होता. एका फ्लॉपीत दोन चकत्या मावत. फ्लॉपी हातात आली की ते पहिल्यांदा विचारत, “नाव काढलं?” पेशंटचं नाव काढल्याशिवाय ते फ्लॉपी कुणाच्या हातात देत नसत.

मंगळवारी दुपारी पहिलं चित्र पडद्यावर उमटलं. कवटीचं पांढरं कडं, आत करडा मेंदू. मेनन म्हणाला, “काका, नाक खाली आलं.” खरंच चित्र उलटं होतं, नाक वर हवं ते खाली. पडद्यावर चित्र काढणारा भाग माझ्याकडे होता. आकडे वरून खाली लिहिलेले होते आणि आमचा पडदा खालून वर भरत होता. मी पाच मिनिटं विचार केला आणि एक ओळ बदलली: आकडे पहिल्यापासून न घेता शेवटच्यापासून घ्यायचे. नाक वर आलं. सुहासने टाळ्या वाजवल्या, नाशिकच्या धाकट्या भावाने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. मला फार बरं वाटलं. कॉलेजात कुणी माझ्यासाठी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

बुधवारी उजेड झाला. एक कळ दाबली की मेंदू उजळे, दुसरी दाबली की मावळे. ते स्टूल सोडून पडद्याशी आले आणि कितीतरी वेळ उभे राहिले. तोवर त्यांचं वाक्य सगळ्यांनी उचललं होतं. प्रोग्रॅम चालवायच्या आधी सुहास म्हणे, “श्वास घ्या,” मेनन म्हणे, “रोखा,” आणि चित्र आलं की नाशिकचे दोघे एकदम, “सोडा.”

शुक्रवारी वीज गेली. काळे कागद काढून खिडक्या उघडल्या आणि आम्ही छापलेले लांबलचक कागद घेऊन बसलो. नियम असा होता की प्रत्येकाने आपली एकेक ओळ वाचायची आणि ती काय करते हे त्यांना कळेल असं सांगायचं. माझी पाळी आली. त्या ओळीशी मी आले आणि जरा भरभर वाचलं.

“ह्या ओळीने काय होतं?”

“चित्र सरळ होतं.”

“कशाने?”

“फिरवलं मी.”

“हं,” ते म्हणाले.

त्या ‘हं’शी मला काहीतरी टोचलं. चित्र फिरवणं आणि चित्राच्या ओळी खालीवर करणं ह्यांत फरक आहे, असं डोक्याच्या मागच्या बाजूला येऊन गेलं. मी कागद उलटला आणि पुढची ओळ वाचली.

दुपारी ते कुणाला न सांगता बाजारात गेले आणि एक लाल भोपळा घेऊन आले. देठ लांब ठेवलेला, डोक्याएवढा. वाटेत तो उजेडासमोर धरला होता की नाही, कोण जाणे. टायपिंगच्या टेबलावर त्यांनी तो ठेवला, देठ वर.

“हे नाक,” ते म्हणाले. मग चाकूने एका बाजूला भोक पाडून त्यात सुपारी खुपसली. “हा डावा कान.”

“शिशाचं अक्षर का नाही घालत?” मी विचारलं.

“सीटीत शिशाने चित्राला चिरा पडतात. सुपारी बरी.”

शनिवारी भोपळा ठाण्याला गेला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत यंत्र मोकळं असे, तेव्हा रमाकांतने त्याला झोपवून त्याच्या चकत्या काढल्या. फ्लॉपी रविवारी चारपर्यंत पोचवतो म्हणाला. आम्ही मात्र भोपळा विसरून गेलो होतो. शनिवारी संध्याकाळी सगळं चालत होतं. वाचणं, दाखवणं, उजेड, मोजमाप. सुहासने फ्लॉप्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यासुद्धा लिहिल्या.

रविवारी डॉक्टर चारच्या ठोक्याला आल्या. पन्नाशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी पर्समधून रमाकांतकडून मागवलेली एक फ्लॉपी काढली.

“काका, उद्या सकाळी माझं एक ऑपरेशन आहे. फिल्म फार काळी आली आहे. मला फक्त उजेड वाढवून बघायचंय.”

“अजून भोपळा आला नाही,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलं. सुहास म्हणाला, “मॅडम, काल स्कॅन केलाय ना, तो यायचाय.”

“कुणाचा स्कॅन?”

“भोपळ्याचा.”

“प्रोग्रॅम चालतो का?” त्यांनी मला विचारलं.

“चालतो,” मी म्हटलं.

“बरोबर चालतो का ते भोपळा सांगेल,” ते म्हणाले. “डावं डावीकडे दिसतंय ह्याची मला खात्री नाही.”

“बाजू मला ठाऊक आहे. मी पेशंट तपासलाय. त्याचा कुठला हात हलत नाही ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

“तुम्ही पडद्याला खोटं ठरवाल. पण हा प्रोग्रॅम आम्ही सगळ्यांना देणार आहोत. तुमच्यानंतर जो बघेल, त्याने पेशंट तपासलेला नसला तर?”

त्या वीस मिनिटं थांबल्या. घड्याळ बघितलं. संध्याकाळचे पेशंट होते. फ्लॉपी टेबलावर ठेवून म्हणाल्या, “झालं तर फोन करा. साडेसातपर्यंत आहे मी दवाखान्यात.” आणि गेल्या.

सुहास भडकला. “काका, सात दिवस रजा टाकून आलेलो मी. एक डॉक्टर मिळालेली, तिला तुम्ही भोपळ्यासाठी पाठवून दिली. आता ती परत येत नाय. तुम्हीच बोललेले ना, रविवारी झालं नाही तर संपलं?”

“बोललो होतो.”

“मग?”

ते स्टुलावर बसले. खिशातलं अक्षर काढून मुठीत धरलं. आवाज न चढवता, आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत त्यांनी सांगितलं. “नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका माणसाचा पोटाचा एक्स-रे काढला, मूतखड्यासाठी. घाईत अक्षर लावायचं राहिलं. डॉक्टरांनी फिल्म धरली आणि विचारलं, कुठली बाजू रे? मी म्हणालो, डावी. माझी खात्री होती. त्यांनी डावी बाजू उघडली. खडा उजवीकडे होता. तो जगला. पण दोन्हीकडून चिरलेला. बास. मला कुणाची खात्री नको. भोपळा येऊ दे.”

सुहास खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पाचला रमाकांत आला. फ्लॉपी घातली. श्वास घ्या, असं कुणी म्हणालं नाही. पडद्यावर भोपळा आला: गोल, मध्ये पोकळ, बियांचे ठिपके, वर देठ. एका बाजूला सुपारी लख्ख दिसत होती. पडद्याच्या डावीकडे.

“डावीकडेच आहे की,” नाशिकचा थोरला धाकट्याला म्हणाला.

“पण काका, लेफ्ट म्हणजे कुणाचा लेफ्ट?” मेननने विचारलं.

“झोपा,” ते मेननला म्हणाले.

मेनन टायपिंगच्या टेबलावर उताणा झोपला. त्यांनी त्याच्या डाव्या हातात एक सुपारी दिली आणि आम्हाला त्याच्या पायाशी उभं केलं. “डॉक्टर चित्र नेहमी पायाकडून बघतात. आता सांगा, मेननची सुपारी तुमच्या कुठल्या हाताला आहे?”

आमच्या उजव्या हाताला होती. पडद्यावर ती डावीकडे होती.

निरोगी डोकं दोन्हीकडून सारखंच दिसतं. मंगळवारपासून आम्ही माणसं आरशात बघत होतो, आणि आमच्यापैकी कुणालाच ते कळलं नव्हतं. मला सोडून, असं लिहायला हवं. मला शुक्रवारी टोचलं होतं.

“कुणी केलं हे?” सुहास वळून म्हणाला.

“कुणी ते विचारायचं नाही,” ते म्हणाले. “कुठे आहे ते शोधायचं.”

“ती ओळ माझी आहे,” मी म्हटलं. “आकडे शेवटून घेतले की वरचं खाली होतं, पण डावंही उजवीकडे जातं. नुसत्या ओळी उलटायला हव्या होत्या. प्रत्येक ओळ आतून आहे तशीच ठेवून.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “मग कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक. बसा.”

दुरुस्ती एका ओळीची होती, पण नाशिकच्या भावांनी मोजमापाचं सगळं काम माझ्या चुकीच्या ओळीवर उभं केलं होतं. ते दोघे माझ्या दोन बाजूंना बसले आणि आठवड्यात पहिल्यांदाच तिसऱ्या माणसाशी बोलले. मेनन टेबलावरून उठायचं विसरला होता. साडेसहाला ते म्हणाले, “श्वास घ्या. रोखून धरा.” भोपळा आला. देठ वर, सुपारी उजवीकडे, म्हणजे भोपळ्याच्या डाव्या हाताला.

“सोडा.”

सुहास कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन करून आला. मी आणि ते रिक्षाने कल्याणला गेलो. डॉक्टरांच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. त्यांची फ्लॉपी मी घालणार, तेवढ्यात ह्यांनी माझा हात अडवला. “आधी भोपळा, मग माणूस.” डॉक्टरांनी भोपळा बघितला, सुपारी कुठे आहे ते बोट ठेवून सांगितलं, आणि पहिल्यांदाच हसल्या. मग पेशंटची चित्रं उघडली. त्या उजेड वाढवत गेल्या, एका चकतीवर थांबल्या, पुन्हा कमी केला, पुन्हा वाढवला. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून ताडून बघितली. “हे फिल्मवर नाही दिसत,” एवढंच म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. जिना उतरताना ह्यांनी विचारलं, “बाई, आता त्या चिठ्ठ्या चिकटवायच्या ना?”

चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रत्येक प्रतीबरोबर भोपळ्याची फ्लॉपी जाई आणि वर लिहिलेलं असे: आधी भोपळा, मग माणूस. पुढे प्रोग्रॅम सुहासने इंटरनेटवर ठेवला, भोपळ्यासकट. परदेशातल्या एकाने पत्र लिहून विचारलं की हा कुठला अवयव आहे. ते पत्र त्यांनी आधी उजेडापुढे धरलं, मग माझ्याकडून वाचून घेतलं आणि जोडकार्डावर उत्तर पाठवायचा हट्ट धरला. पुढल्या मे महिन्यात पुन्हा आठवडा भरला, त्याच्या पुढेही. सुहास दर वेळी रजा टाकून आला.

शेवटच्या आजारात त्यांना ठाण्यालाच ठेवलं होतं. छातीचा एक्स-रे काढायला एक नवी मुलगी मशीन घेऊन आली. ती म्हणाली, “आजोबा, श्वास घ्या, रोखून धरा.” ह्यांनी डोळे उघडले. “अक्षर लावलं?” तिने लावलं होतं. मगच त्यांनी श्वास घेतला.

दहाव्याला मी ठाण्याच्या कोळीवाड्यात त्यांच्या मूळ घरी गेले. त्यांची थोरली बहीण ओट्यावर बसली होती. तिने मला ओळखलं नाही. काकींनी सांगितल्यावर पदराच्या गाठीतून अक्षर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

“तुला द्याला सांगितलाय त्यानं.”

मी म्हटलं, हे इस्पितळातलं, तुमच्याकडेच असू दे.

“इस्पितलातला नाय, बाय. मासलीच्या जाल्याचा शिसा हाय. त्या मानसाच्या. आमच्याच आलीतला होता. दोनी बाजूनी फारला त्याला, मंग जाला वढवंना. जाला परत पान्यान गेलाच नाय. ह्यो बारा दिसांनी त्याच्याकरं गेला, सांगितला का चूक माजी हाय. त्यान आयकून घेतला. मंग जाल्याचा शिसा कारून दिला. बोल्ला, मना काय कराचाय आता त्याचा, तू तुजा अक्षर कर.”

ओट्याखाली दोन मांजरं सुकटीच्या टोपलीशी बसली होती. तिने एका हाताने त्यांना हाकललं.

“तुजा नाव नेमी काढायचा. बोलायचा, मना बारा दिस लागले सांगाला. त्या बायनं बसल्या जागी सांगितला.”

अक्षर दिसतं त्याहून जड आहे. मी ते मुठीत धरून बसले. इतकी वर्षं ते माझ्याबद्दल असं समजून होते, आणि मी त्यांना एकदाही खरं सांगितलं नव्हतं.

“मावशी,” मी म्हटलं, “बसल्या जागी नव्हतं सांगितलं. मला शुक्रवारीच कळलं होतं. मी रविवारी सांगितलं. दोन दिवस लागले.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं, तेही असेच बघत.

“दोन म्हंजे लवकर सांगितलास,” ती म्हणाली, आणि हिला चहा दे म्हणून आत हाक मारली.

ते अक्षर आता ग्रंथालयातल्या माझ्या टेबलावर असतं. माझ्या डाव्या हाताला नाही. समोर येऊन जो बसेल, त्याच्या.